गर्द रानातल्या अंधारात बुजऱ्या पक्ष्याचा फोटो : घरच्या तयारीपासून शेवटच्या फाइलपर्यंत

जूनचे पहिले पाऊस झाले की कोकणातल्या रानांत नवरंग पक्ष्याची दोन सुरांची शीळ घुमू लागते. त्यानंतर पंधरा दिवसांत मला ओळखीपाळखीच्या लोकांकडून तेच ते फोटो यायला लागतात. एकात पक्षी काळाठिक्कर असतो. दुसऱ्यात उजेड ठीक असतो, पण डोळा हललेला. तिसऱ्यात पाचोळ्यावर उन्हाचे पांढरेफटक ठिपके पडलेले आणि त्यांच्यामध्ये पक्षी हरवलेला. सोबत प्रश्न ठरलेला : कोणती लेन्स घेऊ?

नव्वद टक्के वेळा लेन्सचा काही दोष नसतो. पक्षी दिसल्यावर कॅमेरा जुळवायला घेतला, हीच खरी चूक. झाडीतला बुजरा पक्षी तुम्हाला फार तर दहा-वीस सेकंद देतो, आणि ती बटणं फिरवण्यात गेली की संपलं. म्हणून उजेड मोजणं, जागा ठरवणं, कॅमेरा लावणं ही सगळी कामं पक्षी यायच्या आधी उरकलेली हवीत. तो आला की बोट दाबण्याचंच काम उरायला हवं.

पुढचे टप्पे नवरंग, तिबोटी खंड्या, कर्णा, शीळकरी कस्तूर, पाचू होला अशा सावलीतल्या पक्ष्यांसाठी, कोकण आणि सह्याद्रीच्या घाटातल्या मे ते सप्टेंबरच्या उजेडासाठी आहेत. कॅमेरा कुठलाही चालेल. लेन्स साधारण ४०० मिमीची आणि एफ/५.६ किंवा एफ/६.३ ची (हा आकडा लेन्स किती उघडते त्याचा; लहान आकडा म्हणजे जास्त उजेड) आहे असं धरलं आहे, कारण बहुतेकांकडे तीच असते.

टप्पा १ : घरी, आदल्या दिवशी

काडेपेटीची परीक्षा

रानात जायच्या आधी तुमचा हात किती स्थिर आहे ते मोजून घ्या. संध्याकाळी खोलीतले दिवे मंद करा. पाच मीटरवर जमिनीलगत एक काडेपेटी ठेवा. ज्या बैठकीत रानात बसणार त्याच बैठकीत, म्हणजे मांडी घालून किंवा पालथं पडून, तिचे दहा फोटो शटर स्पीड (शटर उघडं राहण्याचा वेळ) १/२५० सेकंद ठेवून काढा, दहा १/१२५ ला, दहा १/६० ला आणि दहा १/३० ला. मग संगणकावर शंभर टक्के मोठे करून बघा, काडेपेटीवरची बारीक अक्षरं किती फोटोंत वाचता येतात.

दहातल्या किमान चार फोटोंत अक्षरं वाचता आली तर तो शटर स्पीड तुमचा. ‘लेन्स ४०० ची तर शटर १/४०० हवाच’ हा नियम स्टॅबिलायझर (हात हलल्याची भरपाई करणारी सोय) नसलेल्या लेन्ससाठी ठीक होता. आज लेन्समध्ये किंवा कॅमेऱ्यात स्टॅबिलायझर असतो आणि खाली टेकू असेल तर १/६० ला पुष्कळांचे फोटो स्वच्छ येतात. हा आकडा माहीत नसणारे भीतीपोटी १/८०० लावून बसतात आणि तिथेच सगळा उजेड गमावतात.

टेकू

सावलीतले हे पक्षी बहुतेक जमिनीवर किंवा गुडघ्याएवढ्या उंचीवर असतात. त्यामुळे मोठ्या ट्रायपॉडपेक्षा बीनबॅग कामाची. जुन्या जीन्सच्या पायाची हातभर नळी कापा, एक बाजू शिवा, आत जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले तांदूळ किंवा मोहरी भरा आणि दुसरी बाजू शिवून टाका. प्लास्टिक विसरू नका. पावसात तांदूळ ओले झाले की दोन दिवसांत आंबतात. पिशवी गच्च भरू नका, लेन्स तिच्यात रुतून बसली पाहिजे.

कॅमेऱ्याच्या आतली कामं

फोटो रॉ मध्येच (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढायचे. फोकसची ‘बीप’ बंद. फोकससाठी लागणारा मदतीचा दिवा बंद, कारण अंधारात तो नेमका पक्ष्याच्या डोळ्यांत जातो. शटर सायलेंटवर. पांढरं जळालं, म्हणजे जास्त उजेडाने त्यातला तपशील पुसला गेला, की लुकलुकणारी सूचना चालू. स्क्रीनचा उजेड ऑटोवर न ठेवता मधल्या पातळीवर पक्का करा, याचं कारण चौथ्या टप्प्यात येईल.

मग डोळे मिटून आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) आणि शटर स्पीड बदलून बघा. जमेपर्यंत करा. रानात मान खाली घालून बटण शोधायला वेळ नसतो.

टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोहोच वाढवणारी जोडभिंग) घरी ठेवा. १.४ चा लावला तर एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) उजेड जातो, २ चा लावला तर दोन. ज्या उजेडात एकेका स्टॉपसाठी झगडायचं आहे तिथे हा व्यवहार परवडत नाही.

कपडे

मळखाऊ हिरवे किंवा तपकिरी, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे. प्लास्टिकचा रेनकोट नको. हात उचलला की तो खसखसतो आणि वहाळाच्या खळखळाटातही तो आवाज पक्ष्याला वेगळा कळतो. त्यापेक्षा गडद रंगाची छत्री जमिनीत रोवून ठेवा, वर जुनं फडकं टाका. आंबोलीसारख्या ठिकाणी जळवा असतातच, लांब मोजे घालून पँट त्यांत खोचा. डीट असलेलं डासांचं मलम लावलं असेल तर हात पुसूनच कॅमेरा धरा, त्याने लेन्सचं रबर आणि प्लास्टिक खराब होतं.

तपासा : एसी खोलीतून किंवा गाडीतून कॅमेरा थेट दमट हवेत काढला की लेन्सवर वाफ धरते. बॅग बंदच ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या, मग उघडा.

टप्पा २ : जागा शोधणं, कॅमेरा न घेता

पहिल्या संध्याकाळी कॅमेरा खोलीवर ठेवून नुसते फिरा. कॅमेरा हातात असला की माणूस पक्षी शोधतो. आपल्याला आधी उजेड शोधायचा आहे.

गर्द रानात उजेड सगळीकडे सारखा नसतो. एखादं झाड पडलेलं असतं, वहाळ रुंद झालेला असतो, जुनी बैलगाडीची वाट असते. अशा ठिकाणी वर आभाळाची एक खिडकी उघडलेली असते. तिच्याखालच्या आणि चार पावलं आतल्या झाडीतल्या उजेडात दोन स्टॉपचा फरक सहज असतो. डोळ्यांना तो कळत नाही, कारण आपला डोळा पटकन सरावतो. सोपी युक्ती : तळहात समोर धरून हळूहळू चाला. बोटांच्या खालची सावली किंचित गडद दिसू लागली, बोटांना गोलाई आली, की वरून उजेड येतो आहे असं समजा. हात सगळीकडून सपाट दिसत असेल तर फोटोही तसाच सपाट येईल.

खिडकी सापडली की तिच्या कडेला पक्ष्याच्या खुणा बघा. दगडावर, वाकलेल्या फांदीवर पांढऱ्या शिटेचे ओघळ म्हणजे कुणीतरी तिथे नेहमी बसतं. पाचोळा जागोजागी उलटलेला, खालची ओली काळी माती वर आलेली, म्हणजे जमिनीवर चरणारा पक्षी येऊन गेला.

शेवटी मागचं दृश्य बघा. पक्षी जिथे येईल असं वाटतं त्याच्या मागे चार-पाच मीटर तरी मोकळं हवं. मागे लगेच झुडूप असेल तर त्या काटक्या फोटोत येतात आणि ऑटोफोकसही त्यांनाच धरतो. उकिडवे बसून, मग पालथे पडून बघा. उंची बदलली की पार्श्वभूमी पूर्ण बदलते.

सावधान : ही जागा घरट्याजवळची नको. तिबोटी खंड्या पावसाळ्यात ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करतो, नवरंगाचं काटक्या-पानांचं गोल घरटं जमिनीवर किंवा खालच्या फांदीत असतं. दोन्ही सापडायला सोपी, म्हणूनच तिथे गर्दी होते. घरट्यासमोरची फांदी ‘फोटोला आड येते’ म्हणून वाकवली किंवा तोडली की पिल्लं सापाला आणि कावळ्याला उघडी पडतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच बसवलं आहे. घरटं दिसलं तर उलट्या पावली फिरा आणि जागा कुणाला सांगू नका.

मोबाइलवर शीळ वाजवून पक्षी बोलावणंही नको. विणीच्या दिवसांत नर ती ऐकून दुसरा नर आला असं समजतो आणि खाणं, राखण सोडून भांडायला धावतो.

टप्पा ३ : बसणं

फटफटायच्या आधी जागेवर पोहोचा. चालत असताना पक्षी बुजतो, बसलेल्या माणसाला तो हळूहळू विसरतो. पण त्यासाठी वीस-पंचवीस मिनिटं अजिबात हालचाल नको. कर्नाळ्यासारख्या अभयारण्यात दार उघडायची वेळ ठरलेली असते, तिथे दार उघडताच थेट जागेवर जा, वाटेत थांबू नका.

पक्ष्याच्या अपेक्षित जागेपासून सहा ते आठ मीटरवर बसा. चार मीटरचा मोह टाळा. अंगावर पानाच्या रंगाची जाळी किंवा साधी मातकट चादर घ्या. चेहरा आणि हात झाका, कारण झाडीत सगळ्यात आधी उजळ दिसतात ते तेच. आभाळाची खिडकी तुमच्या पाठीशी किंवा बाजूला असू द्या. समोर असेल तर पक्षी काळा पडेल.

पाणी, छत्री, पुसायचं फडकं हे सगळं हाताच्या अंतरावर आधीच मांडून ठेवा. बॅगेची चेन ओढल्याच्या आवाजाने गेलेले पक्षी मला आजही आठवतात.

टप्पा ४ : पक्षी नसताना उजेड मोजा

हा टप्पा सगळे गाळतात आणि फोटो इथेच बिघडतात.

सागाचं एक वाळकं पान घ्या. पक्षी जिथे येईल तिथे ते ठेवून या आणि जागेवर बसून त्याचा फोटो काढा. वाळक्या सागपानाचा तपकिरी रंग फार उजळ नसतो, फार गडदही नसतो, म्हणून मोजायला तो चांगला. आता मॅन्युअल मोडवर :

१. अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र) पूर्ण उघडा, समजा एफ/५.६.
२. शटर १/१२५ लावा.
३. पानाचा आलेख हिस्टोग्रामच्या (डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड दाखवणारा कॅमेऱ्यातला तक्ता) मध्यावर किंवा मध्याच्या किंचित उजवीकडे येईपर्यंत आयएसओ वाढवा.

ढगाळ दिवशी झाडीखाली हा आयएसओ साधारण ३२०० येतो. तोच फोटो १/५०० ला काढायचा तर १२८०० लागेल. दाट सावली आणि वर काळे ढग असतील तर ६४०० वरही १/५० ला उतरावं लागतं. घाबरू नका.

आयएसओची भीती ही या कामातली सगळ्यात महागडी चूक आहे. फोटोतले रवे (नॉइज, म्हणजे दाणेदार ठिपके) मुळात उजेड कमी पडल्याने येतात. आयएसओ ८०० वर काढलेला अंधारा फोटो नंतर संगणकावर उजळला की ३२०० वर नीट उजेडात काढलेल्या फोटोपेक्षा बहुतेक वेळा जास्त खराब दिसतो. चिपळूणजवळच्या एका वहाळावर मी हे शिकलो. ऑटो आयएसओची कमाल मर्यादा १६०० आणि शटर १/५००, असं लावून बसलो होतो. नवरंग समोरच्या दगडावर तब्बल चार मिनिटं होता. मी नव्वदेक फोटो काढले. मर्यादा गाठल्यावर कॅमेरा मुकाट्याने काळे फोटो काढत राहिला, आणि मला ते कळलं नाही, कारण अंधारात स्क्रीनवर ते झकास दिसत होते. घरी उजळल्यावर पोटाच्या फिकट पिवळसर रंगात निळे-जांभळे ठिपके उगवले. त्यातला एकही फोटो ठेवण्यासारखा नव्हता.

स्क्रीन पक्की मधल्या उजेडावर ठेवा म्हटलं ते यासाठी. तरीही सावलीत स्क्रीन फसवतेच. विश्वास हिस्टोग्रामवर ठेवा.

पक्ष्याप्रमाणे फरक

पानाचं मोजमाप हा पाया. त्यावरून येणाऱ्या पक्ष्याप्रमाणे थोडं सरकायचं असतं. स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर येण्याची शक्यता असेल तर पाऊण ते एक स्टॉप कमी करा, नाहीतर त्याच्या लांब शेपटीची पिसं कागदासारखी कोरी येतात. शीळकरी कस्तूर उलट : काळ्या-निळ्या अंगावरच्या चमकत्या निळ्या खुणा दिसायच्या तर अर्धा ते पाऊण स्टॉप वाढवा. मागे पाण्याचा फेस जळाला तर जळू द्या. नवरंग, तिबोटी खंड्या, पाचू होला यांना पानाचं मोजमाप जवळपास तसंच चालतं, फक्त नवरंगाच्या गळ्याचा पांढरा भाग लुकलुकत नाही ना एवढं बघा.

मॅन्युअलच का? कारण ऑटोवर कॅमेरा मागचा अंधार बघून सगळं उजळवतो आणि पक्षी फिकट पडतो. पक्षी उडून उजळ पानांसमोर बसला की तोच कॅमेरा त्याला काळा करतो. उजेड बदललेला नसतो, फक्त मागचं दृश्य बदललेलं असतं.

तपासा : दर वीस मिनिटांनी, आणि ढग सरकला की लगेच, पानाचा पुन्हा एक फोटो. आठला घेतलेलं मोजमाप साडेनऊला चालत नाही.

सावधान : ऊन पडून जमिनीवर कवडसे नाचू लागले की कॅमेरा खाली ठेवा. कवडसा आणि सावली यांतला फरक इतका असतो की एक सांभाळलं तर दुसरं जातं. ढग येईपर्यंत थांबा. पातळ ढगांचा, पावसाच्या दोन सरींमधला उजेड या कामासाठी सगळ्यात चांगला.

टप्पा ५ : पक्षी आल्यावर

पहिले काही क्षण काहीच करू नका. पक्षी आल्या आल्या आजूबाजूला बघतो, त्या वेळी लेन्स हलली की गेला. त्याने एकदा चोच खाली घातली, पिसं झटकली किंवा पाणी प्यायला वाकला की त्याला धोका वाटत नाही असं समजा. मग :

१. फोकसचा एकच छोटा बिंदू डोळ्यावर. डोळा आपोआप ओळखणारी सोय काटक्यांच्या गर्दीत पुष्कळदा भलतंच धरते, म्हणून छोट्या बिंदूची सवय ठेवा. सहा मीटरवर, ४०० मिमी आणि एफ/५.६ ला फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात स्पष्टतेची पट्टी जेमतेम सात-आठ सेंटिमीटरची असते. छातीवर फोकस गेला आणि मान वळलेली असली तर डोळा धूसर.

२. पहिले तीन-चार फोटो आधी ठरवलेल्या १/१२५ ला. हाती काहीतरी लागलं.

३. पक्षी रमला तर १/६० ला उतरा, आयएसओ निम्मा करा. आता श्वास अर्धा सोडून, बोट दाबून ठेवत चार-पाच फोटोंचे छोटे झपाटे. पहिला फोटो बोटाच्या दाबाने हलतो, तिसरा-चौथा बहुधा स्वच्छ येतो.

मंद शटरवर हलता पक्षी येणार नाही हे खरं, पण हे पक्षी सतत हलत नाहीत. त्यांच्या हालचालीला ठेका असतो. नवरंग दोन उड्या मारतो आणि थांबतो. चोचीने पान उलटतो आणि थांबतो. गांडूळ सापडलं की पाय रोवून मागे रेलतो, गांडूळ मातीतून ताणलं जातं, आणि ते सुटायच्या आधी पूर्ण अंग क्षणभर थरथरत एका जागी राहतं. शेपटीखालचा लाल रंग याच वेळी चांगला दिसतो. बोट आधीपासून दाबून ठेवू नका. ठेका मनात मोजा आणि थांब्यावर दाबा.

तिबोटी खंड्या ठरलेल्या फांदीवर परत परत येतो, त्या फांदीवर आधीच फोकस करून ठेवा. तो डोकं वरखाली करतो, वर पोहोचल्यावर एक क्षण थांबतो, तो पकडा. कर्णा तासभरही एका फांदीवर बसेल, पण तुमच्याकडे पाठ करून. मातकट पाठ दाखवून लाल पोट लपवायची त्याची सवयच आहे. त्याला वळसा घालून समोर जायचा प्रयत्न केलात तर तो उडेल. बसून राहा. किडा टिपायला झेपावतो तेव्हा परत येताना बहुधा दिशा बदलतो.

फोटो कसे आले ते पक्षी समोर असताना बघू नका. खाली बघायला मान वाकते आणि स्क्रीनचा उजेड चेहऱ्यावर पडतो.

सावधान : चोचीत किडा किंवा खेकडा धरून पक्षी एकाच जागी बसून राहिला, पुढे जात नाही, इकडून तिकडे फांद्या बदलत नुसता ओरडतो आहे, तर जवळ घरटं आहे आणि तुम्ही त्याच्या वाटेत आहात. फोटो कितीही जमत असला तरी लगेच मागे सरका.

टप्पा ६ : उठणं

पक्षी स्वतःहून गेल्यावरच उठा. त्याच्या डोळ्यांदेखत उभं राहिलात तर ती जागा त्याच्या मनातून उतरते आणि उद्याची बैठक वाया जाते. पान उचला, बीनबॅगखाली दबलेला पाचोळा हाताने सारखा करा. दोन तासांहून जास्त एका जागी बसू नका.

टप्पा ७ : संगणकावर

इथे फार काही करायचं नसतं, पण क्रम चुकतो. आधी रॉ फाइलवरच रवे कमी करा, मग रंग, मग उजेड, शेवटी कातरणं. धार फक्त पक्ष्यावर द्या, धूसर पार्श्वभूमीवर दिली की रवे परत वर येतात.

रंगात एक गोष्ट जवळपास सगळ्यांकडून सुटते. पानांतून गाळून आलेला उजेड हिरवट असतो. नवरंगाचा पांढरा गळा, नर्तकाची शेपटी, ओला दगड, सगळ्यावर हिरवी झाक बसते आणि पक्षी आजारी दिसतो. टिंटची (हिरवा आणि किरमिजी यांतला तोल बदलणारी) पट्टी थोडी किरमिजी बाजूला सरकवा, गळा पांढरा दिसू लागला की थांबा. त्याआधी सागपानाचा फोटो उघडून त्यावर जुळवलंत तर आणखी सोपं : वाळकं पान खरंच तपकिरी दिसू लागलं की तीच मापं त्या सकाळच्या बाकी सगळ्या फोटोंना लावा.